तबकडीवरील आवाजाचे स्थलांतर

नर्मदेच्या परिसरातील जबलपूर शहराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, १७९८ मध्ये तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. त्यानंतरही मध्यप्रांताचा कारभार, न्यायालये, महाविद्यालये, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मात्र मध्यप्रदेशातच राहिले. अशा रीतीने जे घर एकेकाळी मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांतात होते, ते हिंदी राज्यातील मराठी घर बनले. पुण्या-मुंबईहून परतताना सामानात मराठी नाटकांच्या आणि कीर्तनांच्या ध्वनिफिती, पुढे तबकड्या, घेऊन येणे हा अशा घरांतील रिवाजच होता.

प्रस्तुत लेखकाच्या मामांचे जबलपुरातील घर असेच एक होते. ते आवरताना पत्र्याच्या एका पेटीत एक्केचाळीस तबकड्या निघाल्या. त्यांत मराठी नाटकांच्या व्हीसीडी होत्या, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या बोलपटांच्या तबकड्या होत्या, तीन लग्नांच्या डीव्हीडी होत्या, आणि एका कागदी पाकिटात निळ्या शाईने केवळ ‘आजी - गणपती’ एवढेच लिहिलेली एक तबकडी होती. ऐंशीच्या दशकातील एका गणेशोत्सवात आजीने म्हटलेल्या नाट्यपदांचे ते चित्रीकरण मूळ व्हीएचएस फितीवर होते; ते पुढे एका दुकानातून तबकडीवर उतरवून घेतलेले होते. हे सर्व संगणकावर उतरवून नातेवाइकांना द्यावयाचे ठरले, तेव्हा चित्राविषयी कोणी फारसा प्रश्न विचारला नाही. प्रश्न उठला तो आवाजाविषयी. संगणकातील आज्ञावली आवाजाचे स्वरूप विचारत होती आणि तिच्या यादीत आठ-दहा नावे होती. ज्याला संगणकाच्या भाषेत फॉरमॅट म्हणतात त्याला आपण येथे स्वरूप म्हणू. त्यांपैकी कोणते निवडावे, आणि मुळात काही निवडण्याची गरज आहे काय, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हे काम पुढे ढकलण्यासारखे राहिलेले नाही. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या तबकडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात नोंदलेली असते आणि उष्णतेने, प्रकाशाने तो थर हळूहळू बिघडतो. जबलपूरचा मे महिना आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा या दोहोंतून वर्षानुवर्षे गेलेली तबकडी अजून वाचता येते, हेच भाग्य समजले पाहिजे. कारखान्यात छापलेल्या तबकड्या अधिक टिकाऊ असल्या, तरी त्या वाचणारे यंत्र आता नव्या संगणकात बहुधा नसते. ज्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून हा माल गावोगाव पोहोचविला, ती कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात गेली.

आता तबकडीवर आवाज कसा असतो ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार. ध्वनिग्राहक या चढउतारांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करतो. ही लहर अंकांत मांडावयाची, तर ठराविक अंतराने तिची उंची मोजून तो आकडा लिहून ठेवावा लागतो. या प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. नियम असा, की जी सर्वांत उच्च कंप्रता नोंदवावयाची, तिच्या दुपटीहून अधिक नमुने सेकंदाला घेतले पाहिजेत. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. म्हणून संगीताच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात.

हा आकडा इतका विचित्र का, असे वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर गमतीचे आहे. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. परंतु त्याआधी अंकरूप ध्वनिमुद्रण साठविण्यासाठी चित्रफितीची यंत्रेच वापरली जात. चित्राच्या प्रत्येक रेषेवर तीन नमुने बसविले जात. अमेरिकी-जपानी पद्धतीत अशा २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे. युरोपीय पद्धतीत २९४ रेषा आणि ५० क्षेत्रे. दोन्ही गुणाकार करून पाहावेत, उत्तर ४४,१०० च येते. म्हणजे आवाजाच्या तबकडीचा हा मूळ आकडा चित्राच्या फितीने ठरविला. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आली, तेव्हा तिच्यासाठी मात्र व्यावसायिक चित्रफितींत रूढ असलेला ४८,००० हा आकडा घेतला गेला.

प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला, तर उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. डावा आणि उजवा असे दोन मार्ग धरले, तर डीव्हीडीच्या हिशेबाने सेकंदाला १५,३६,००० बिट होतात. तासाला सुमारे ६९१ मेगाबाइट. काहीही न वगळता लिहिलेल्या या स्वरूपाला पीसीएम म्हणतात. तीन तासांच्या नाटकाचा नुसता आवाज २ गिगाबाइटच्या वर जाईल आणि एकपदरी डीव्हीडीची सारी जागा ४.७ गिगाबाइट एवढीच. साहजिकच आवाज दाबून लहान करणे भाग पडले.

पेटीतील तबकड्या संगणकात घालून पाहिल्या, तेव्हा तीन प्रकार आढळले. व्हीसीडी हे १९९३ चे मानक आहे. तीत आवाज नेहमीच एमपीईजी-१ च्या दुसऱ्या थराच्या पद्धतीने, म्हणजे ज्याला थोडक्यात एमपी२ म्हणतात त्या स्वरूपात, सेकंदाला २२४ किलोबिट या वेगाने असतो. नमुने ४४,१०० च. विकत घेतलेल्या डीव्हीडींवर बहुतेक ठिकाणी डॉल्बीचे एसी-३ हे स्वरूप होते: दोन मार्गांचा आवाज १९२ किंवा २२४ किलोबिटांत, आणि ज्यांवर सहा मार्गांचा आवाज होता तेथे ४४८ किलोबिट. लग्नाच्या तीन तबकड्यांपैकी एकीवर मात्र चक्क पीसीएम निघाले. ज्याने ती तयार केली त्याला आवाज दाबण्याचे सुचले नसावे, किंवा त्याच्या आज्ञावलीत ती सोय नसावी. त्याच्या या अज्ञानाने वधूच्या आजोबांनी म्हटलेली मंगलाष्टके अबाधित राहिली, एवढे खरे.

दाबून लहान करणे म्हणजे नेमके काय? येथे दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच शब्दाने ओळखल्या जातात. पहिल्या प्रकारात केवळ लिहिण्याची काटकसर असते. उलगडल्यावर मूळचा प्रत्येक अंक जसाच्या तसा परत मिळतो. २००१ मध्ये आलेले फ्लॅक हे स्वरूप या जातीचे आहे. त्यात जागा सामान्यतः निम्म्याच्या आसपास लागते. दुसऱ्या प्रकारात मात्र काही भाग कायमचा टाकून दिला जातो. एमपी२, एमपी३, एसी-३, एएसी आणि २०१२ मध्ये मानक ठरलेले ओपस ही सारी या दुसऱ्या जातीची.

काय टाकावयाचे हे ठरते ते कानाच्या मर्यादेवरून. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजत असता शेजाऱ्याची कुजबूज ऐकू येत नाही. ती असते, पण ढोल तिला झाकतो. त्याचप्रमाणे एखादा बलवान स्वर आपल्या जवळच्या कंप्रतेच्या दुर्बळ स्वरांना झाकतो. अशा झाकलेल्या स्वरांची नोंद स्थूलपणे केली किंवा मुळीच केली नाही, तरी ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही. पुरेसे बिट दिले तर ही युक्ती थक्क करणारी आहे. पीसीएमच्या अष्टमांश जागेत १९२ किलोबिटांचा आवाज बसतो आणि गद्य नाटक ऐकताना सामान्य श्रोता समाधानी असतो.

परंतु आपल्या संगीतात काही नाद असे आहेत, की ते या युक्तीची परीक्षा पाहतात. तबल्याच्या चाटीवरील ‘ना’ किंवा चिपळीचा आघात घ्या. त्याच्या आधी शांतता असते आणि मग एकाएकी ध्वनीचा स्फोट होतो. ही स्वरूपे शेकडो नमुन्यांचा एकेक गट करून त्यावर हिशेब करतात. स्थूल नोंदीमुळे जी चूक उरते, ती संपूर्ण गटावर पसरते. परिणामी आघाताच्या किंचित आधीच एक फिकट ‘छ्‌स्’ असा पूर्वनाद ऐकू येतो आणि तबल्याची धार बोथट होते. चांगले संकेतक अशा वेळी गट लहान करतात. पण बिट अपुरे असतील तर त्यांचाही उपाय चालत नाही. तंबोऱ्याची अडचण याच्या उलट आहे. जवारीमुळे त्याच्या नादात अनेक सूक्ष्म स्वरांश असतात आणि ते संथपणे उमलतात व विरतात. कमी बिटांत ते विरणे अखंड राहत नाही. पाण्याखालून आल्यासारखी एक थरथर येते. टाळ्यांचा कडकडाट आणि वारकऱ्यांचे टाळ हेही कसोटीचेच. कोणत्याही रूपांतराचा दर्जा पाहावयाचा असेल तर आलापी ऐकण्यापेक्षा गायन संपल्यानंतरच्या टाळ्या ऐकाव्यात. दोष तेथे लवकर सापडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. संगणकावरील आज्ञावलीत एसी-३ आवाज असलेली तबकडी घातली आणि यादीतून एमपी३ निवडले, तर काय होते? प्रथम एसी-३ उलगडले जाते. त्यात जे टाकले गेले ते परत येत नाहीच. मग त्या आधीच उणावलेल्या आवाजावर एमपी३ आपली स्वतःची वजाबाकी करते. आणि तिचे गट, तिच्या सीमा, तिचे झाकण्याचे हिशेब वेगळे असल्यामुळे एकाच्या चुका दुसरा खरा नाद समजून जपतो आणि खरा नाद टाकतो. झेरॉक्स प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढल्यासारखे हे आहे. येथे पुष्कळ लोकांची एक भाबडी समजूत असते, की नव्या स्वरूपाला अधिक बिट दिले म्हणजे आवाज सुधारेल. १९२ किलोबिटांचे एसी-३ घेऊन त्याचे ३२० किलोबिटांचे एमपी३ केले, तर फाइल मोठी होते आणि आवाज किंचित खालावतो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. तेच फ्लॅकमध्ये बदलले, तर आवाज खालावत नाही, पण जागा तिप्पट-चौपट लागते आणि हाती अधिक काहीच येत नाही. टाकलेल्या पाण्याने घागर पुन्हा भरत नाही, मग घागर कितीही मोठी घ्या.

म्हणून सर्वसाधारण उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल असे आहे: कोणतेच स्वरूप निवडू नये. तबकडीवर आवाजाचा जो अंकप्रवाह आहे, तोच उचलून नव्या फाइलीत ठेवावा. एसी-३ असेल तर एसी-३, एमपी२ असेल तर एमपी२. येथे पात्र आणि पदार्थ यांतील भेद ओळखला पाहिजे. एमपी४ किंवा एमकेव्ही ही आवाजाची स्वरूपे नव्हेत. ती चित्र, आवाज, उपशीर्षके एकत्र ठेवणारी पात्रे आहेत. २००२ पासून विकसित होत आलेले एमकेव्ही, म्हणजे मात्रोस्का, हे पात्र जवळजवळ कोणताही पदार्थ सामावून घेते. एमपी४ अधिक निवडक आहे. पीसीएमशी त्याचे फारसे जमत नाही. जतनाच्या प्रतीसाठी एमकेव्ही घ्यावे, असे मला वाटते.

व्यवहारात सावधगिरी हवी ती इतकीच, की आज्ञावलीला ‘जसेच्या तसे उचल’ हे स्पष्ट सांगावे लागते. मेकएमकेव्ही नावाची आज्ञावली मुळातच असे करते. एफएफएमपेगमध्ये तशी एक आज्ञा आहे. हँडब्रेकला मात्र काही सांगितले नाही, तर ती सामान्यतः आवाजाचे एएसीत रूपांतर करते. जसेच्या तसे ठेवण्याचा पर्याय तिच्यात असतो, पण तो शोधून निवडावा लागतो. डीव्हीडीवरील चित्रपट हा एकेक गिगाबाइटच्या अनेक तुकड्यांत कापलेला असतो. हे तुकडे एकेक करून बदलले, तर प्रत्येक सांध्यावर आवाज किंचित तुटतो. आधी जोडून मगच पुढचे काम करावे. व्हीसीडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. जागा वाचविण्यासाठी तिच्यात चूक-दुरुस्तीचे अंक कमी ठेवलेले असतात, त्यामुळे तिच्यावरील ओरखडा अधिक बाधतो. एकदा वाचताना अडखळली म्हणून ती टाकून देऊ नये. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसून, दुसऱ्या यंत्रात, कमी वेगाने वाचून पाहावी. मामांच्या पेटीतील दोन तबकड्या तिसऱ्या यंत्रात वाचल्या गेल्या.

मग रूपांतर करावयाचे तरी केव्हा? लग्नाच्या ज्या तबकडीवर पीसीएम होते, तिचा आवाज फ्लॅकमध्ये ठेवला. अंक तेच राहिले आणि जागा बरीच वाचली. दुसरा प्रसंग म्हणजे दूरच्या नातेवाइकांसाठी मोबाइलवर ऐकण्याची प्रत. पुष्कळ मोबाइलांत एसी-३ उलगडण्याची सोय नसते; चित्र हलते आणि आवाज येत नाही. अशा प्रतीसाठी एएसी, दोन मार्गांना १६० ते १९२ किलोबिट, हा सध्या सर्वांत निर्वेध पर्याय आहे. ओपस त्याहून कमी जागेत चांगले काम करते, परंतु जुन्या उपकरणांना ते अपरिचित असते. एमपी३ वरील पेटंटे २०१७ पर्यंत संपली आणि ते सर्वत्र चालते; पण केवळ सवयीखातर ते निवडण्याचे कारण उरलेले नाही. ही प्रत वापरण्याची आहे, ठेवण्याची नव्हे, हे फाइलीच्या नावातच लिहावे. कारण दहा वर्षांनी घरात उरते ती बहुधा लहान प्रत आणि तीच मूळ समजली जाते.

येथे मराठी भाषेपुरती एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. दाबण्याच्या भरात सर्वांत आधी बळी जातात ते उच्च कंप्रतेचे ध्वनी. बोलण्यात हे ध्वनी असतात ‘स’, ‘श’ आणि ‘च’-‘ज’ यांच्या घर्षणात. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चार’ मधला तालव्य आणि ‘चारा’ मधला दंत्य. विश्व या अर्थी ‘जग’ आणि ‘तू जग’ असे म्हणतानाचे ‘जग’ लिहिण्यात एकच, उच्चारात दोन. हा भेद मुख्यतः त्या घर्षणाच्या वरच्या पट्टीतच राहतो. दंत्य उच्चाराची सळसळ अधिक उंच असते. जुन्या दूरध्वनीसारखा ३,४०० हर्ट्‌झवर कापलेला आवाज असेल, तर आपण अर्थावरून शब्द ओळखतो खरे, पण उच्चार ऐकत नाही. हिंदीत हा दंत्य ‘च’ नाही. चार-पाच पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिलेल्या जबलपूरच्या मराठी घरांत हा भेद कसा टिकला, कोणाच्या तोंडी विरला, हे उद्या एखाद्या भाषाभ्यासकाला विचारावयाचे झाले, तर त्याला उत्तर मिळेल ते लग्नाच्या आणि मुंजीच्या अशाच घरगुती मुद्रणांतून. ते आपण ६४ किलोबिटांत दाबून ठेवले असेल, तर मिळणार नाही.

संगीताच्या श्रोत्याला याहून बोचेल अशी दुसरी एक बाब आहे आणि तिचा दाबण्याशी काही संबंध नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला असतो. भारतातील दूरदर्शन पद्धती २५ चित्रांची. जुन्या काळी या पद्धतीच्या तबकडीसाठी चित्रपट उतरविताना सोपा मार्ग म्हणजे तो थोडा वेगाने चालविणे. दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज त्याच प्रमाणात चढतो. किती चढतो? काळी एकचा षड्ज सुमारे २७७ हर्ट्‌झचा धरला, तर तो २८९ च्या जवळ जातो. पांढरी दोन आहे २९४ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ पाऊण श्रुतिपट्टी वर, काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळत. पेटी घेऊन त्या पदाबरोबर वाजवू पाहणाऱ्याची पेटी कोणत्याच पट्टीत जमत नाही आणि बिचारा आपल्या पेटीला दोष देतो. गायकाचा आवाजही किंचित कोवळा भासतो.

मामांच्या पेटीतील एका जुन्या बोलपटाच्या तबकडीत हा प्रकार आढळला. नाटकांच्या व्हीसीडींत तो नव्हता. कारण ती नाटके प्रत्यक्ष दूरदर्शनच्या वेगानेच चित्रित झालेली होती. उपाय साधा आहे: आवाज २५ ला २४ या प्रमाणात संथ करावा आणि चित्राचा वेगही तसाच करावा. परंतु यासाठी आवाज उलगडून नवे नमुने काढावे लागतात. अशा वेळी मूळ प्रवाह तसाच ठेवून, सुधारलेला आवाज त्याच पात्रात दुसरा मार्ग म्हणून फ्लॅकमध्ये ठेवणे इष्ट. काही तबकड्यांत वेग वाढवूनही स्वर यंत्राने पूर्ववत केलेला असतो. तेथे संथ केले तर स्वर उलट खाली जाईल. म्हणून आधी पेटी घेऊन बसावे आणि मगच आज्ञा द्यावी.

सहा मार्गांच्या आवाजाविषयी थोडक्यात. नव्या चित्रपटात संवाद बहुधा मधल्या मार्गावर असतात. सहाचे दोन करताना मधला मार्ग थोडा उतरवून दोन्ही बाजूंना वाटला जातो, आणि संगीत मोठे व बोलणे बारीक अशी तक्रार घरोघर ऐकू येते. तबकडीवर दोन मार्गांची वेगळी आवृत्ती असेल, तर ती घ्यावी. ‘संत तुकाराम’ (१९३६) सारख्या बोलपटाचा आवाज तर चित्रपट्टीच्या कडेवर प्रकाशाने उमटविलेल्या एकाच मार्गाचा होता; अशा बोलपटाच्या तबकडीवर सहा मार्ग दिसले, तर ते मागाहून बनविलेले समजावेत. याच्या उलट, व्हीसीडीवर डावा व उजवा मार्ग वेगळा असेल तर घाईने एक करू नये. गाण्याच्या सरावासाठी काढलेल्या तबकड्यांत एका बाजूला केवळ वाद्ये आणि दुसऱ्या बाजूला गाणेही असे.

कायद्याचा प्रश्न वाचक विचारतील. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या ५२ व्या कलमात खाजगी वा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित व्यवहाराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ हे कलम संरक्षक कुलूप मोडण्याविषयी आहे, आणि त्यात हक्कभंगाचा हेतू हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. विकत घेतलेल्या नाटकाची घरातील प्रत एक गोष्ट, ती शंभर जणांना वाटणे दुसरी. लग्नाच्या आणि आजीच्या तबकडीबाबत हा प्रश्नच आला नाही.

आजीची ती तबकडी शेवटी घेतली. तीवर दोन मार्गांचे एसी-३ होते, २५६ किलोबिटांचे. नियमाप्रमाणे ते जसेच्या तसे उचलले. ऐकताना मात्र काहीतरी खटकत होते. दोन ओळींच्या मधल्या विरामात तंबोरा फुगल्यासारखा मोठा होई आणि आजीने स्वर लावला की दबून जाई. टाळ्या कापसातून आल्यासारख्या होत्या. दुकानात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारे यंत्र लावलेले असावे, आणि फितीची खरखर काढण्यासाठी एखादी गाळणीही. ती खरखर आणि जवारी एकाच पट्टीत राहतात. गाळणीला त्यांतला भेद कळत नाही. अशा वेळी तबकडीच्या स्वरूपाचा कितीही विचार केला तरी तो वाया जातो. तबकडी ही मूळ नव्हतीच.

मामांना फितीविषयी विचारले. ती कपाटाच्या वरच्या फळीवर, पावसाळ्यातील पांढरी बुरशी अंगावर घेऊन पडली होती. व्हीएचएसची यंत्रे बनविणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. तेव्हा चालू स्थितीतील यंत्र मिळविण्यात काही महिने गेले. बुरशी असलेली फीत तशीच चालविली तर ती यंत्रही खराब करते आणि स्वतःही फाटते. म्हणून ती आधी कोरड्या जागी ठेवून, उघडून, साफ करून घेतली. साध्या व्हीएचएस यंत्रात आवाज फितीच्या कडेच्या अरुंद पट्टीवर, सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी वेगाने, एकाच मार्गात नोंदला जात असे. त्यामुळे फार वरच्या कंप्रता तीवर मुळातच नव्हत्या आणि ९६,००० नमुन्यांचा थाट अनावश्यक होता. ध्वनिसंग्रहालयांचे तज्ज्ञ ४८,००० नमुने आणि २४ बिट हे किमान सांगतात, तेच घेतले. मोजणीच्या वेळी पातळी आपोआप बदलणारी कोणतीही सोय चालू ठेवली नाही, खरखर काढली नाही, आणि मिळालेला आवाज फ्लॅकमध्ये ठेवला. एका तासाला सुमारे दोन-तीनशे मेगाबाइट जागा लागली. ज्याला खरखर नको, त्याने आपली प्रत गाळून घ्यावी.

फितीवर आरंभी काही असे होते, जे दुकानदाराने गाणे सुरू होण्यापूर्वीचे निरुपयोगी म्हणून कापले होते. सुमारे अर्ध्या मिनिटाचा तो भाग आहे. कोणीतरी हिंदीत ध्वनिक्षेपकाविषयी बोलतो, एक मूल रडते, आणि आजी पेटीवाल्यांना विचारते, “काळी चारच ना? मग चला.” त्यातला ‘चार’ तालव्य आणि ‘चला’ दंत्य, दोन्ही स्पष्ट ऐकू येतात.